आधी पाणी, मग हात: घरी गाडी धुण्यापासून स्टिकर आणि वॅक्सपर्यंतचा नेमका क्रम

रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली उभे राहा आणि आपल्याच गाडीच्या बॉनेटकडे तिरक्या नजरेने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या, तर त्यातल्या बहुतेक रस्त्याने दिलेल्या नाहीत, फडक्याने दिलेल्या आहेत. रोज सकाळी धुळीच्या गाडीवर कोरडे फडके फिरते, किंवा सोसायटीतल्या वीस गाड्या पुसलेले तेच ओले फडके, त्याच काळ्या पाण्यात बुडवून, एकविसाव्या गाडीवर येते. धुळीतले वाळूचे कण फडक्यात अडकतात आणि आपण ते रंगावर घासत राहतो.

रंगाच्या वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. चकाकी त्याची, संरक्षणही त्याचेच. एकदा घासला गेला की तो परत भरून येत नाही. पॉलिश केल्याने ओरखडा 'भरतो' असे वाटते, पण पॉलिश आजूबाजूचा थर ओरखड्याच्या पातळीपर्यंत खाली आणते. म्हणजे दर पॉलिशला थर थोडा कमी होतो. त्यामुळे पॉलिश कसे करायचे यापेक्षा पॉलिशची वेळ कशी येऊ द्यायची नाही, यावर मी इथे जास्त लिहिणार आहे.

दुसरी चूक क्रमाची. हौसेने आणलेले स्टिकर वॅक्स (चकाकी आणि संरक्षणासाठी रंगावर शेवटी लावायचा मेणासारखा पातळ थर) केलेल्या गाडीवर लावतात आणि दोन पावसांत ते सुटले की स्टिकरवाल्याला शिव्या घालतात. क्रम असा आहे: चाके, धुलाई, चिकटलेले डाग, क्ले (धुऊनही न निघणारे बारीक कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी), गरज असेल तर पॉलिश, मग स्टिकर आणि चिकटवायच्या वस्तू, शेवटी वॅक्स. हा क्रम मोडू नका.

तयारी: आदल्या दिवशी

पूर्ण काम एका दिवसात होत नाही. शनिवारी धुलाई, डाग आणि क्ले. रविवारी पॉलिश, स्टिकर, वॅक्स. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आधीचा एखादा कोरडा शनिवार-रविवार यासाठी उत्तम. मे महिन्यात करायचेच असेल तर पहाटे सुरू करून आठ-साडेआठला थांबा.

सामान फार लागत नाही:

- दोन बादल्या, शक्यतो वेगवेगळ्या रंगाच्या. चाकांसाठी तिसरी, जुनी चालेल.
- पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही) असा लिहिलेला गाडीचा शाम्पू.
- धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा.
- मायक्रोफायबरची सहा-आठ फडकी आणि पुसण्यासाठी एक मोठा, जाड टॉवेल.
- बागेत वापरतात तो पाच लिटरचा हाताने हवा भरायचा फवारा.
- क्ले, एक सौम्य पॉलिश, वॅक्स, स्पंजचे दोन-तीन पॅड, मास्किंग टेप.
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर.

इशारा: शेतात तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेला पंप कितीही धुतलेला असला तरी गाडीसाठी घेऊ नका. नवा फवारा घ्या.

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर, दोन्ही नकोत. भांड्यांचा साबण तेल काढण्यासाठीच बनलेला असतो, तो गाडीवरचे वॅक्सही काढतो. जुनी बनियन, साडीचा तुकडा, आंघोळीचा पंचा यांनाही सुट्टी द्या. सुती कापड मऊ असते हे खरे, पण कण आत ओढून घ्यायला त्याला जागा नसते, त्यामुळे कण पृष्ठभागावरच राहून घासले जातात.

पाणी कुठले वापरता याचाही विचार करा. पुण्यात, नाशिकमध्ये, मराठवाड्यात अनेक सोसायट्यांना बोअरचे पाणी येते. ते गाडीवरच सुकू दिले की मागे पांढरे गोल डाग राहतात. बोअरच्या पाण्याने धुतले तरी हरकत नाही, पण शेवटचे पाणी आरओचे वापरा. आरओमधून वाया जाणारे पाणी घेऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

टप्पा १: गाडी थंड आहे ना?

बॉनेटवर हाताची पालथी बाजू ठेवा. कोमट लागली तरी थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू लगेच वाळतो आणि डाग पडतात. नुकतीच चालवून आणली असेल तर चाकांनाही थंड होऊ द्या. गरम ब्रेक डिस्कवर थंड पाणी ओतणे हा विनाकारण ओढवून घेतलेला खर्च आहे.

मोबाइलचा टॉर्च घेऊन एक फेरी मारा आणि जिथे जिथे काही दिसेल तिथे मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावा: ओरखडा, डांबराचा ठिपका, उडालेला रंग. धुताना हे तुकडे निघतील, म्हणून त्याआधी फोटो काढून ठेवा.

बॉनेट उघडा. पुढच्या काचेखाली, वायपर बसवलेले असतात त्या जाळीच्या खोबणीत, गुलमोहराची आणि अशोकाची पाने साचून कुजलेली असतात. ती हाताने काढा, पाण्याने आत ढकलू नका. तिथून पाणी वाहून जायची वाट तुंबली की पावसात पाणी केबिनमध्ये उतरते.

टप्पा २: चाके सगळ्यात आधी

चाकांवर ब्रेक पॅडची काळी भुकटी असते आणि तिच्यात लोखंडाचे बारीक कण. चाके शेवटी धुतली तर हा काळा चिखल स्वच्छ दरवाज्यांवर उडतो. म्हणून वेगळी बादली, वेगळा ब्रश, आणि एक चाक पूर्ण करून मगच पुढचे. चाकाच्या वरच्या कमानीच्या आतही पाणी मारा. पावसाळ्यात चिखल तिथेच थापून बसतो आणि पत्रा ओला ठेवतो. कोकणात, समुद्राकाठी गाडी राहत असेल तर हे काम दर पंधरवड्याला करा. खारा ओलावा आणि साचलेली माती एकत्र आली की गंज तिथूनच चढतो.

चाकांना वापरलेला ब्रश, मोजा, फडके गाडीच्या अंगाला पुन्हा कधीच लावायचे नाही. मी त्यांना दोरा बांधून ठेवतो, म्हणजे घरात दुसऱ्या कुणी उचलले तरी कळते.

टप्पा ३: हात न लावता माती सोडवा

बहुतेक जण गाळतात तो हाच टप्पा, आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच. छपरापासून खाली फवारा मारा. शाम्पूचे पातळ पाणी फवाऱ्यात घालून पूर्ण गाडी भिजवा, चार-पाच मिनिटे थांबा, पण सुकू देऊ नका. मग साध्या पाण्याने धुवा. मळकट पाणी आपोआप खाली वाहताना दिसेल. दरवाज्याच्या खालच्या भागावर आणि मागच्या बंपरवर दोनदा मारा, सगळ्यात खरखरीत माती तिथे असते.

प्रेशर वॉशर असेल तर नळीचे तोंड पत्र्यापासून किमान एक-दीड फूट लांब धरा. उडालेल्या रंगाच्या कडेवर, सुटत आलेल्या स्टिकरवर, दरवाज्यांच्या रबरावर आणि रेडिएटरच्या जाळीवर जोराचा झोत नको.

तपासा: हात लावण्याआधी दरवाज्याच्या खालच्या भागाकडे बघा. मातीचे दाणे अजून दिसत असतील तर पुन्हा फवारा.

टप्पा ४: दोन बादल्यांनी धुणे

एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. मोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून पिळा, मग परत शाम्पूत. एक भाग म्हणजे छपराचा अर्धा, बॉनेटचा अर्धा, एक दरवाजा. साध्या पाण्याची बादली गढूळ झाली की बदला. शेवटी तिच्या तळाशी बोटे फिरवून बघा. जी कचकच हाताला लागेल, ती एका बादलीत धुतले असते तर रंगावर फिरली असती.

वरून खाली: छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि शेवटी खालचा पट्टा व बंपर. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नाही. गोल फिरवल्यावर ओरखडा पडलाच तर तो प्रत्येक बाजूच्या उजेडात चमकतो. सरळ ओरखडा एका कोनातूनच दिसतो. आणि जोर लावू नका. मोजा स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. घासावे लागत असेल, तर तो डाग पुढच्या टप्प्याचा आहे.

मोजा जमिनीवर पडला तर तो संपला. खळबळून, झटकून परत वापरायचा मोह आवरा. मी एकदा आवरला नव्हता. गाडी काळी होती आणि डाव्या मागच्या दरवाज्यावर सहा इंच लांबीच्या तीन समांतर रेघा गाडी विकेपर्यंत माझ्याकडे बघत राहिल्या.

भाग धुतला की लगेच साधे पाणी मारा. सगळी गाडी फेसाने माखून मग धुवायची, हे जाहिरातीत बरे दिसते. आपल्या उन्हात पहिला भाग तोवर सुकलेला असतो.

टप्पा ५: पुसणे

शेवटचे पाणी फवारा न वापरता, मगने धार धरून हळू ओता. पाणी एकसंध चादरीसारखे ओघळते आणि मागे थेंब कमी राहतात. मग मोठा टॉवेल बॉनेटवर पसरून टाका, दोन कोपरे धरून आपल्याकडे ओढा. घासायचे नाही. उभ्या भागांवर टॉवेल टेकवून पाणी टिपून घ्या.

आरशांच्या खाचा, दरवाज्यांची हँडले, नंबर प्लेटच्या कडा यांतून पाणी नंतर झिरपते. म्हणून गाडी सोसायटीच्या आवारात हळू एक फेरी फिरवा आणि दोन-तीनदा ब्रेक दाबा. ब्रेकही सुकतात आणि लपलेले पाणीही बाहेर येते. दरवाजे उघडून खालच्या कडेला बघा, तिथे पाणी निचरायला लहान भोके असतात. ती मातीने बंद असतील तर टूथपिकने मोकळी करा. दरवाजा हलवल्यावर आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला तर भोके नक्की तुंबलेली आहेत.

टप्पा ६: चिकटलेले डाग, प्रत्येकाचा वेगळा उपाय

*पक्ष्यांची विष्ठा.* हिला वेळ देऊ नका. उन्हात तापलेला क्लिअर कोट थोडा सैल होतो, विष्ठेतले आम्ल त्यात शिरते आणि रात्री थंड होताना त्यावर वाळलेल्या थराचा ठसा घट्ट बसतो. कोरडी खरवडू नका, तिच्यात दाणे आणि वाळू असते. भिजवलेला टिश्यू पाच-दहा मिनिटे वर ठेवा आणि उचलून घ्या. गाडीत पाण्याची एक बाटली आणि टिश्यूचा पुडा कायम असू द्या.

*आंब्याखालचा चिकटा.* मोहराच्या दिवसांत आंब्याखाली उभी केलेली गाडी सकाळी हाताला चिकटते. लोक त्याला झाडाचा चीक समजतात. बहुतेक वेळा तो तुडतुड्यांनी सोडलेला गोडसर रस असतो आणि राहू दिला तर त्यावर काळी बुरशी चढते. कोमट पाणी आणि शाम्पू पुरतो, दोनदा करावे लागेल इतकेच. खरा चीक, म्हणजे फांदी तुटून गळलेला, तेवढ्याने निघत नाही. त्याला अल्कोहोल लावलेले फडके अर्धा मिनिट टेकवून हलके पुसा.

*डांबर.* नव्या रस्त्यावरून गेल्यावर दरवाज्याच्या खालच्या बाजूला काळे ठिपके येतात. डांबर काढायचा फवारा मिळतो, तोच घ्या. रॉकेलनेही निघते, मीही वर्षानुवर्षे तेच केले, पण मागे तेलकट थर राहतो आणि पुढचे पॉलिश, स्टिकर, वॅक्स सगळे बिघडते. वापरलेच तर ठिपक्यापुरते, आणि लगेच शाम्पूने धुवा. पेट्रोल आणि थिनर अजिबात नको.

*पाण्याचे पांढरे डाग.* पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घेऊन फडके ओले करा, डागावर एक-दोन मिनिटे ठेवा, पुसा, भरपूर पाण्याने धुवा. सावलीतच. लिंबू नको, साखर आणि गर मागे राहतो.

*सिमेंटचे शिंतोडे.* शेजारी बांधकाम चालू असेल तर हे येणारच. ओले असताना पाण्याने जातात. वाळले की नखाने, सुरीने, एटीएम कार्डाने उचकटू नका. सिमेंटबरोबर क्लिअर कोटचा टवका येतो. व्हिनेगरचे फडके वर ठेवून पुन्हा पुन्हा भिजवत मऊ करायचे, संध्याकाळ जाते. ठिपके शंभरावर असतील तर जाणत्या माणसाकडे द्या.

टप्पा ७: क्ले

धुतलेल्या, कोरड्या बॉनेटवर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बोटे फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. ते दाणे म्हणजे लोखंडाचे कण, रंगाचे सूक्ष्म शिंतोडे, धूर. गाडी रेल्वे लाइनच्या शेजारी किंवा कारखान्याजवळ उभी राहत असेल तर जास्तच.

क्ले पुरणपोळीच्या कणकेसारखी मळून घ्या. पूर्ण वडी वापरू नका, चार तुकडे करा. दीड-दोन फुटांचा चौकोन भरपूर ओला करा, त्यावर क्लेचे वंगण किंवा शाम्पूचे सौम्य पाणी फवारा आणि तळव्याएवढी चपटी क्ले सरळ रेषेत, अगदी हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला खरखर ऐकू येईल, मग ती थांबेल. थांबली की त्या चौकोनाचे काम झाले. क्ले दुमडून नवी बाजू काढा.

इशारा: क्ले जमिनीवर पडली की कचऱ्यात. म्हणूनच चार तुकडे करायचे.

पृष्ठभाग कोरडा पडतोय असे वाटले की लगेच पुन्हा फवारा. कोरडी क्ले अडखळते आणि तिथेच खूण उमटते. क्ले वर्षातून एकदा, फार तर दोनदा. दर महिन्याला क्ले करणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या गाड्यांवर ओरखडेही भरपूर पाहिले आहेत.

टप्पा ८: पॉलिश, पण नखाला विचारून

ओरखड्यावर आडवे नख हलकेच फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा वरवरचा आहे, पॉलिशने कमी होईल. नख अडकत असेल तर तो खोल गेला आहे. पॉलिश करून तो जाणार नाही, फक्त आजूबाजूचा थर जाईल. अशा ठिकाणी टच-अप रंग.

पॉलिश करण्याआधी प्लास्टिकच्या काळ्या पट्ट्या, रबर आणि पत्र्याच्या कडांवर मास्किंग टेप लावा. कडेवर आणि पत्र्याच्या घडीवर रंग सगळ्यात पातळ असतो. काळ्या प्लास्टिकला लागलेले पॉलिश वाळून पांढरे होते आणि मग टूथब्रशने तासभर घासत बसावे लागते.

आधी एक फूट बाय एक फूट जागेवर प्रयोग करा. पॅडवर हरभऱ्याएवढे पॉलिश, चार-पाच ठिकाणी टेकवून पसरा, मध्यम दाबाने एकमेकांवर येणाऱ्या ओळींत फिरवा, मग फडक्याने पुसा. टॉर्च लावून बघा. समाधान झाले तरच पुढे. सौम्य पॉलिशने काम होत असेल तर कडक कंपाउंड (जास्त घासणारे पॉलिश) उघडूच नका. हाताने संपूर्ण गाडी करायला अर्धा दिवस लागतो आणि खांदे दुखतात. म्हणून बॉनेट, डिकी आणि दरवाज्यांच्या हँडलामागचा भाग, जिथे नखांचे ओरखडे असतात, एवढेच करा.

मशीन घ्यायचे तर ड्युअल ॲक्शन प्रकारचे, म्हणजे ज्याचा पॅड फिरता फिरता जागाही बदलत राहतो. घरातल्या ड्रिलला किंवा ग्राइंडरला स्पंज लावून पॉलिश करण्याचे व्हिडिओ बघून कुणी तसे करणार असेल तर त्याला थांबवा. ते एकाच जागी फिरत तापते आणि काही सेकंदांत रंग जाळते. टूथपेस्टबद्दलही विचारले जाते. टूथपेस्ट म्हणजे कुठल्या दाण्याची ते माहीत नसलेले पॉलिश, आणि ते तोंडातच बरे.

*टच-अप रंग.* गाडीच्या रंगाचा कोड दरवाज्याच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. 'पांढरी' सांगून रंग आणू नका, पांढरे अनेक असतात. उडालेल्या जागी गंज आला असेल तर बारीक पॉलिश पेपरने तेवढाच घासा, अल्कोहोलने पुसा, प्रायमर लावा. बाटलीबरोबर येणारा ब्रश जाड असतो. टूथपिकचे टोक वापरा. एका मोठ्या थेंबापेक्षा तीन पातळ थर, मध्ये तासभर वाळवून. त्यानंतर त्या जागेला एक आठवडा पॉलिश किंवा वॅक्स लावू नका.

टप्पा ९: आता सजावट

आता पत्रा स्वच्छ, गुळगुळीत आणि अजून वॅक्स न लागलेला आहे. स्टिकर, डोअर व्हायजर (खिडकीच्या वरच्या कडेला बसणारी पाऊस अडवणारी पट्टी), दरवाज्याच्या कडेची पट्टी, जे काही चिकटवायचे ते आत्ता. पॉलिशमधले तेल काढण्यासाठी ती जागा अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाने पुसा, स्वच्छ फडक्याने लगेच कोरडी करा आणि नंतर तिथे बोट लावू नका. कोरोनाच्या दिवसांतले उरलेले हँड सॅनिटायझर यासाठी चालत नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असते.

मोठे स्टिकर ओले लावा. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब. आधी स्टिकर कागदासकट मास्किंग टेपने जागेवर टांगा आणि दहा पावले मागे जाऊन बघा. जवळून सरळ वाटलेले मागून तिरके दिसते, आणि तो तिरका 'आईचा आशीर्वाद' पुढची पाच वर्षे सगळा रस्ता वाचतो. जागा ठरली की पत्रा आणि स्टिकरची चिकट बाजू दोन्ही फवाऱ्याने ओली करा, ठेवा, सरकवून नीट बसवा. मग जुन्या एटीएम कार्डाला मऊ फडके गुंडाळून मधून कडेकडे पाणी बाहेर काढा. वरचा ट्रान्सफर पेपर (अक्षरे जागेवर धरून ठेवणारा कागद) पंधरा-वीस मिनिटांनी, स्वतःवरच दुमडत, अगदी हळू सोडवा. अक्षर उचलले गेले तर परत दाबा आणि आणखी थांबा. राहिलेला बुडबुडा सुईने टोचून दाबा.

मागच्या काचेवर स्टिकर बाहेरूनच लावा. आतून लावलेले काढताना डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचे धुके घालवणाऱ्या, तारा उखडतात.

व्हायजर आणि पट्ट्यांना मागे दुहेरी टेप असतो. आधी कोरडे बसवून बघा, मग टेपचा कागद थोडा थोडा ओढत, प्रत्येक इंच वीस-तीस सेकंद दाबत जा. अशा टेपची पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. किमान पहिले २४ तास पाणी नको, आणि व्हायजर लावला असेल तर तोवर काच खाली करू नका. दुकानातून व्हायजर लावून पावसात घरी आणतात आणि महिन्याभरात शिट्टीसारखा आवाज येतो, तो असा.

मडफ्लॅपसाठी पत्र्याला नवी भोके पाडू नका. मूळ भोके वापरणारे फ्लॅप मिळतात. ड्रिलने उघडा पडलेला पत्रा गंजाला निमंत्रण देतो.

काही गोष्टी घरी करायच्याच नाहीत. गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचे रॅप (रंगावर चिकटवायची फिल्म) करायचे तर आधी आरटीओकडे चौकशी करा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर काहीही चिकटवू नका, कडेला देवाचे छोटे स्टिकरसुद्धा नाही. काचांतून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूने किमान ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे. बंपरपुढे लावायच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. दंडाचे सोडा, धडकेत एअरबॅग वेळेवर उघडण्यात तो अडथळा ठरू शकतो.

टप्पा १०: वॅक्स

पातळ लावा. पुन्हा सांगतो, पातळ. पॅडवर सुपारीएवढे वॅक्स पूर्ण बॉनेटला पुरते. जाड लावले की जास्त दिवस टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो. एक भाग लावा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मग बोट फिरवून बघा. बोटाखाली स्वच्छ पट्टा उमटला तर पुसायला तयार, चिकट रेघ ओढली गेली तर अजून नाही. स्टिकरच्या कडांपासून बोटभर लांब राहा, नाहीतर कडेला पांढरी भुकटी साचते.

मेणाचे वॅक्स आपल्या उन्हात दीड-दोन महिने चालते, सिंथेटिक सीलंट (मेणाऐवजी रसायनांपासून बनवलेले) त्याहून जास्त. कोणते घ्यायचे यावर मित्रमंडळींत भांडणे होतात. माझे मत: जे तुम्ही खरोखर वेळेवर परत लावाल ते. पाणी गोल थेंब होऊन घरंगळायचे थांबले आणि पसरायला लागले, की पुन्हा लावायची वेळ झाली.

टायरला चमक आणायचे द्रव फक्त बाजूला लावा. जमिनीला टेकणाऱ्या भागावर लागले तर गाडी घसरते. काळ्या प्लास्टिकला खोबरेल लावणारे बरेच आहेत. दोन दिवस छान दिसते, तिसऱ्या दिवशी सगळी धूळ तिथेच.

दसऱ्याची पूजा आणि त्यानंतर

एवढे सगळे केल्यावर आई हळदी-कुंकवाची वाटी घेऊन येते आणि बॉनेटवर स्वस्तिक काढते. काढू द्या. वॅक्स केलेल्या गाडीवर हळद फारशी धरत नाही, हाही या क्रमाचा फायदा. बोटाने हलके काढायला सांगा, हळद-कुंकू वाळल्यावर खरवडू नका, संध्याकाळी पाणी ओतून सोडवा. अक्षता आधी फुंकून किंवा पाण्याने घालवा, मग फडके. नारळ गाडीला टेकवून फोडू नका, आणि पाणी उडाले तर लगेच धुवा. झेंडूची माळ तारेने बांधली तर ग्रिल आणि बॉनेटच्या कडेला ओरखडे पडतात. सुती दोऱ्याने बांधा आणि हायवेला निघण्याआधी काढा.

पांढऱ्या गाडीवर धुऊनही हळदीची पिवळी छटा राहिली तर घासू नका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. गाडी दोन-तीन दिवस उन्हात उभी करा, छटा आपोआप विरते.

रोजची धूळ? मला विचाराल तर रोज पुसूच नका. आठवड्याने नीट धुतलेली, मधले दिवस धुळकट राहिलेली गाडी ही रोज कोरड्या फडक्याने पुसलेल्या गाडीपेक्षा पाच वर्षांनी कितीतरी चांगली दिसते. सकाळी पुसायला येणाऱ्या काकांना काढून टाकायची गरज नाही. त्यांना फक्त काचा आणि चाके सांगा, तुमचे स्वतःचे फडके द्या, पैसे तेवढेच द्या. धुळीच्या गाडीवर कव्हरही घालू नका, वाऱ्याने ते हलते आणि कोरड्या फडक्याचेच काम करते.

वापरलेली मायक्रोफायबर फडकी घरच्या कपड्यांत टाकू नका. वेगळी, कोमट पाण्यात, थोड्याशा द्रव साबणाने धुवा. कपडे मऊ करायचे कंडिशनर त्यात घातले की धागे बुजतात आणि फडके पाणी शोषत नाही. सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा.